उंबऱ्याच्या आतलं ताक

“मळू नगंस,” नोराबाईंनी माझं मनगट धरलं. “कणीक न्हाई ती. हात लावलास तेवढा पुरे झाला.”

मी हात थांबवला. परातीतला गोळा अजून चिकट होता, कडेला कोरडं पीठ तसंच होतं, आणि असं अर्धवट काम सोडायची माझ्या हातांना सवय नव्हती. आदल्या शनिवारी मी त्यांचं न ऐकता असाच गोळा पोळीच्या कणकेसारखा मुठी मारमारून तिंबला होता. भाजून निघाला तो वरवंटा. नोराबाईंनी तो टेबलावर आपटून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “कुमुद, ह्यानं मसाला वाट.”

म्हणून या वेळी त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. हात पिठाने पांढरे, अंगात राखाडी स्वेटर, पायात पुरुषी बूट. सत्तरी जवळ आलेली आयरिश बाई, आणि तोंडात भाषा भिलारच्या ठकूबाईची. पाचगणीच्या मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं शिवण आणि स्वयंपाक शिकवला त्यांनी, पण मराठी शिकल्या त्या आपल्या स्वयंपाकीणबाईकडून. ठकूबाई वारली तरी तिची बोली या घरात राहिली होती. आमच्या ह्यांनाही त्या ‘तू’च म्हणत. शाळेच्या ऑफिसात सगळ्यांनी ‘बेहेरेसाहेब’ म्हणायचं आणि नोराबाई कुंपणावरून हाक मारायच्या, “बेहेरे, तुजं छत गळतंय का रं?”

त्यांचा बंगला आमच्या क्वार्टरला लागून. मधे फक्त सिल्व्हर ओकची रांग आणि एक लाकडी फाटक. रोज सकाळी मी त्या फाटकातून त्यांना तांब्याभर ताक नेऊन देत असे. त्यांना ते प्यायला नको होतं. त्यांच्या देशाकडची भाकर करायला हवं होतं. यीस्ट नाही, अंडं नाही. जाडसर गव्हाचं पीठ, मूठभर मैदा, मीठ, खाण्याचा सोडा आणि आंबट ताक. ठकूबाई तिला ‘सोड्याची भाकर’ म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणत होतो.

त्या डिसेंबरात त्यांची विजेची भट्टी जळाली. दुरुस्तीचा माणूस मुंबईहून यायचा, तो काही येईना. तेव्हा मीच बोलून गेले होते की माझ्या माहेरी, राजापूरकडे, काकडीचं धोंडस, म्हणजे रव्याचा केकच, खाली-वर निखारे ठेवून भाजतात, भट्टी कशाला हवी. हे ऐकून नोराबाई खुर्चीत बसल्याच.

“खाली-वर इस्तू?”

“हो. जाड बुडाचं पातेलं, वर ताटली, ताटलीत निखारे.”

“माजी आई अशीच करायची,” त्या म्हणाल्या. “लोखंडाचं भांडं. झाकणावर इस्तू. चाळीस वर्सांत म्या कुनाला सांगितलं न्हाई, अन् तू मला सांगतीस.”

तर ती आमची दुसरी खेप. मागच्या व्हरांड्यात शेगडी पेटलेली होती. नोराबाईंनी गोळा अलगद उचलला, पातेल्यात ठेवला, आणि सुरीने वरून आडवी-उभी अशी फुली खोल कापली.

“हे कशाला?” मी विचारलं.

“देवाचं नाव. अन् मधलं कच्चं ऱ्हात न्हाई. दोन्ही कामं व्हत्यात.” त्यांनी झाकण घातलं. “बिगीनं कर गं. ताक पडलं की सोडा जागा व्हतो. त्यो कुनासाठी थांबत न्हाई.”

पाऊण तासाने मी चिमट्याने झाकण उचललं तेव्हा वास आतल्या खोलीपर्यंत गेला असणार, कारण आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दारात मायकेलसाहेब उभे होते, नोराबाईंचे थोरले भाऊ. उत्तरेकडे कुठे रेल्वेत आयुष्य काढून, लग्नबिग्न न करता, म्हातारपणी बहिणीकडे येऊन राहिले होते. दोन वर्षांपासून त्यांची आठवण झडत चालली होती. बहिणीला कधी ओळखायचे, कधी नाही. मला तर कधीच नाही. त्या दिवशी त्यांनी उभ्याउभ्याच दोन तुकडे लोणी लावून खाल्ले आणि बहिणीच्या कानाशी वाकून काही पुटपुटले. नोराबाईंनी तोंड वळवलं.

“काय म्हणाले?”

“म्हंतोय, आई आज लवकर उठलीया.”

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. वरवंट्याचं ऐकून हे हसले. फुलीचं सांगितलं तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “त्यांचं त्यांना शोभतं. तू मात्र तुझे नेमधर्म तिथे काढू नकोस.”

“मी कशाला काढते?”

“सांगून ठेवतो. परवा आपल्या गणपत शिपायाने नवसासाठी दाढी वाढवलीय असं मोठ्या बाईंना सांगितलं, तर महिनाभर स्टाफरूममध्ये त्याची टिंगल चालली होती. नोराबाई अजून रोज तिथे चहाला जातात. उद्या माझ्या टेबलाशी येऊन कुणी विचारलं की काय बेहेरे, तुमची बायको म्हणे संध्याकाळी मीठ मोजून ठेवते, तर मी काय सांगू?”

“मीठ मोजत नाही मी.”

“तेच ते.”

ते तेच नव्हतं, पण मी वाद घातला नाही. माझा नेम ह्यांना ठाऊक होता, त्यामागचं कारणही ठाऊक होतं; ते कारण आठवायला नको म्हणून हे थट्टेवर नेत, हे मला कळत होतं.

माझं पहिलं मूल चाळीस दिवसांचं होऊन गेलं. दुसरी मुलगी अकरा महिन्यांची झाली आणि गोवराने गेली. सरोज पोटात असताना सासूबाई मला वाईला घाटावर घेऊन गेल्या. कृष्णाबाईपुढे ओटी भरली आणि ओंजळीत पाणी घेऊन मी बोलले, की दिवा लागल्यावर माझ्या घरातलं पांढरं उंबऱ्याबाहेर जाणार नाही. दूध, दही, ताक, मीठ. मूल बारा वर्षांचं होईपर्यंत. पांढरं दिलं की घरातलं सत्त्व जातं, असं आमच्याकडे सगळ्याच बायका मानतात, पण माझं ते मानणं नव्हतं, ते बोललेलं होतं. बोलल्याचा अर्थ मला माहीत होता. सरोज सात वर्षांची झाली होती. सात वर्षांत एकाही संध्याकाळी चुकले नव्हते.

जानेवारीत मायकेलसाहेबांनी जेवण सोडलं. हट्टाने नाही, विसरल्यासारखं. घास तोंडात घातला तर तो तसाच ठेवून बसायचे. नोराबाई चमच्याने सूप पाजायच्या, ते हनुवटीवरून स्वेटरवर यायचं. सोड्याची भाकर केली तर तिच्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत. डॉक्टर आले, नाडी बघितली, बाहेर व्हरांड्यात येऊन म्हणाले, “औषध नाही याला. भूक परत आली तर माणूस परत येईल. काही मागितलं तर ताबडतोब द्या. काहीही मागू दे. एकदा घशाखाली उतरायला लागलं की उतरेल.”

“अन् न्हाई मागितलं तर?” नोराबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी बॅग बंद केली.

त्यानंतर रोज सकाळी मी ताक घेऊन गेले की आमचं एवढंच बोलणं व्हायचं.

“मागितलं काही?”

“न्हाई.”

“मागतील हो.”

“मागंल. लहानपनी लई खादाड व्हता.”

चौथ्या दिवशी आमच्याकडे सरोज अंथरुणाला खिळली. आधी सर्दी, मग डोळे लाल, मग कानामागे आणि कपाळावर पुरळ. मी झगा वर करून तिची पाठ पाहिली आणि मला काय झालंय ते कळलं. गोवर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप एकशे तीनच्या वर गेला. ह्यांनी सासूबाईंना आणायला वाईची एस.टी. धरली. त्यांच्या हाताला गुण आहे, असं हे म्हणाले. खरं तर घरात बसून बघवेना, म्हणून गेले. संध्याकाळची शेवटची गाडी मिळाली नाही तर उद्याच येणार होते.

मी दुपारी ताक घुसळलं होतं. लोणी काढून वेगळं ठेवलं, ताक पातेल्यात झाकून ओट्यावर. सरोज ते मागेल म्हणून. तिने मागितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मला म्हणत होती, “आई, आई कुठे गेली?”

सूर्य टेबललँडच्या मागे गेला. मी हातपाय धुतले, देवापुढे बसले, वात पुढे सरकवली, काडी लावली. दिवा लागला. मी हात जोडले आणि डोळे मिटायच्या आत दारावर थाप पडली.

नोराबाई होत्या. धावत आल्या होत्या. सत्तरीची बाई फाटकातून धावत आली होती, एका बुटाची लेस सुटलेली, आणि चेहरा असा की मी तो आधी कधी पाहिला नव्हता.

“कुमुद, त्यानं मागितलं.”

“काय?”

“भाकर. आईची भाकर दे म्हंतोय. त्वांडानं म्हनाला. नाव घिऊन म्हनाला मला, नोरा म्हनाला.” त्यांनी दाराच्या चौकटीला धरून श्वास घेतला. “पीठ हाय, इस्तू घातलाय. ताक दे गं. सकाळचं समदं वापरलं म्या, काल-आज केलेली भाकर कुत्र्याला घातली, मला काय ठावं. वाटीभर दे. वाटीभर पुरं.”

ओटा माझ्या पाठीमागे होता. मधे पडदा. आत सरोज कण्हली.

मी त्यांच्याकडे पाहत होते. सांगायचं होतं ते माझ्या तोंडात आलं होतं. बाई, माझा नेम आहे, दिवा लागलाय. एवढंच. पण ते वाक्य तोंडात आल्याबरोबर मला ते स्टाफरूममध्ये ऐकू आलं. ह्यांच्या टेबलापाशी ऐकू आलं. एक माणूस भुकेने मरतोय आणि ही बाई म्हणते दिवा लागलाय. ते मलाच इतकं वाईट ऐकू आलं, की मी दुसरंच बोलले.

“ताक नाही हो बाई आज. संपलं.”

“थोडं बी न्हाई?”

“नाही. आज घुसळलंच नाही. सरोज आजारी, सुचलंच नाही काही.”

त्यांनी एकदम माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. ओट्याकडे नव्हे. सरोजच्या खाटेकडे.

“किती हाय ताप?”

“एकशे तीन.”

“आरं देवा,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या गालाला हात लावला. त्यांचा हात पिठाने भरलेला होता. “बस तिच्यापाशी. उठू नगंस. मी मेरीआईला सांगते तिच्यासाठी.” आणि त्या वळल्या, परत फाटकाकडे, तशाच, लेस सुटलेली.

मी दार लावलं. गालावरचं पीठ पुसलं. ओट्यावर पातेलं होतं, त्यावर ताटली, ताटलीवर पळी. मी ते पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पाहिलं. पण पाय तिकडे वळले नाहीत, कारण आत सरोज होती, आणि तिच्याशेजारी ती दुसरीही होती, अकरा महिन्यांच्या वर जिला वय मिळालं नाही. मी खाटेपाशी बसले, तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत राहिले आणि माळ ओढत राहिले. मधे एकदा व्हरांड्याच्या बाजूने निखाऱ्यांचा वास आला. मला वाटलं, केलं बाईंनी काहीतरी. हुशार आहेत. जमवलं असेल.

पहाटे सरोजला घाम फुटला. अंगावरची गोधडी भिजली. तिने डोळे उघडून पाणी मागितलं आणि मला ओळखलं. मी देवापुढे जाऊन डोकं टेकवलं. मला त्या क्षणी कसलाही संशय नव्हता. मी पाळलं होतं आणि मला दिलं गेलं होतं.

उजाडताच तांब्या काठोकाठ भरला आणि फाटक उघडलं. नोराबाई मागच्या व्हरांड्यात शेगडीजवळ बसल्या होत्या. शेगडी विझलेली. पुढ्यात ताटात एक भाकर, एक कोपरा मोडलेला.

“पोर कशी हाय?”

“उतरला ताप. पहाटे उतरला.”

“उतरला,” त्यांनी छातीवर क्रूस केला. “बरं झालं. लई बरं झालं.”

“आणि साहेब?”

त्यांनी ताटाकडे पाहिलं. “दुधाची पावडर व्हती डब्यात. त्यात लिंबू पिळलं, फाटवलं, त्याच्यात केली. फुगली चांगली.” त्यांनी मोडलेल्या कोपऱ्याला बोट लावलं. “त्याच्या हातात दिली. त्यानं वास घेतला. त्वांडात घातली. मग थुकली अन् माज्याकडं बघितलं, मी त्याला फशिवल्यावानी. म्हनाला, ही ती न्हवं. अन् भितीकडं त्वांड केलं.”

मी तांब्या खाली ठेवला.

“हे आत्ताच घुसळलं,” मी म्हटलं. कुणी विचारलंही नव्हतं.

“ठेव तितं. आता करते.”

त्यांनी त्या सकाळी केली. मी सोडा मोजून दिला, त्यांनी फुली कापली, मी निखारे ठेवले. भाकर सुरेख झाली, साहेबांनी उभ्याउभ्या खाल्ली होती तशीच, वरून तडकलेली, आतून ओलसर. मायकेलसाहेबांच्या नाकाशी नेली. ते भिंतीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी केली, तिसऱ्या दिवशी केली. मी दिवसातून दोनदा ताक घुसळू लागले, भरदुपारी त्यांच्या ओट्यावर वाडगाभर ठेवून यायचे, झाकून, म्हणजे संध्याकाळी लागलं तर त्यांच्या घरातच असावं. नोराबाईंनी हे असं का, ते विचारलं नाही. संध्याकाळी लागलं नाही. सकाळीही लागलं नाही.

सासूबाई सरोजच्या उशाशी बसून मला म्हणाल्या, “तुझा नेम राखला देवीने.” मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळपासून नवव्या दिवशी मायकेलसाहेब गेले. सकाळी दहाच्या सुमाराला, झोपेत. शाळेतले लोक आले, डॉक्टर आले, दूधवालाही टोपी काढून उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यांना गावाबाहेरच्या ख्रिश्चन स्मशानात पुरलं. आमचे हे खांदा द्यायला गेले होते. मी घरून पाहिलं, माणसांची रांग सिल्व्हर ओकच्या मागून गेली.

त्यानंतरचा दिवस मंगळवार होता. मी सकाळी नेहमीसारखी फाटक उघडून गेले, तांब्या घेऊन. न्यायचा का, हा प्रश्नच होता, पण रिकाम्या हाताने जाववेना. नोराबाई स्वयंपाकघरात परातीपाशी उभ्या होत्या.

“दे,” त्या म्हणाल्या. “मानसं येतील चार वाजता. कोऱ्या चहावर पाठवायचं का त्यास्नी?”

मी तांब्या दिला. त्यांनी पिठात खळगा केला, ताक ओतलं, बोटं पसरून हात एकदाच गोल फिरवला. मी पाहत होते.

“बाई, मी खोटं बोलले,” मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. “कवा?”

“त्या संध्याकाळी. ताक होतं. पातेलंभर होतं, ओट्यावर.”

हात थांबला. परातीत गोळा अर्धाच जमला होता.

“मला दिवा लागल्यावर पांढरं घराबाहेर देता येत नाही. दूध, दही, ताक. नवस आहे माझा. सरोजसाठी. दोन मुलं गेली माझी, दुसरी गोवराने गेली, आणि त्या दिवशी सरोजला गोवर होता, आणि दिवा नुकताच लागला होता.” मला वाटलं होतं सांगायला खूप वेळ लागेल. तेवढंच होतं. “तुम्ही यायच्या अर्धं मिनिट आधी लागला होता.”

नोराबाईंनी हात पिठातून काढला नाही. सोडा आपलं काम करत होता. गोळ्यावर बारीक बुडबुडे येत होते आणि फुटत होते. त्या ते बघत होत्या.

“दिवा लागल्यावर तुज्या घरी कुनी जेवाया आलं,” त्यांनी हळू विचारलं, “तर त्याला ताक वाढतीस का?”

“वाढते. घरात बसून प्यायलं तर चालतं. उंबऱ्याबाहेर जायचं नाही.”

“अन् कढी? कढी केली, अन् बाजूला द्यायची झाली?”

“शिजवलेलं चालतं. शिजवलं की ते पांढरं राहत नाही. ते अन्न होतं.”

“भाकर?”

माझी नजर परातीतल्या गोळ्यावर गेली.

“कुमुद. भाकर चालती का?”

“चालते,” मी म्हटलं.

बाहेर शेगडीत कोळसा तडकला.

“म्हंजी म्या पीठ घिऊन तुज्याकडं आले असते,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुज्या चुलीवर टाकली असती. पाऊन तास. त्याला उनउन न्हेऊन दिली असती.”

मला हे इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. मी सगळ्या बाजूंनी विचार केला होता. देवीशी बोलले होते, स्वतःशी बोलले होते, रडले होते, एकीचं मूल आणि दुसरीचा भाऊ असं तोलून पाहिलं होतं. पण तोलायचं काही नव्हतंच. नेमाने मला अडवलं नव्हतं. नेम म्हणत होता, ताक घरात ठेव. भाकर बाहेर जाऊ दे. मधे फक्त माझं ‘ताक नाही’ हे वाक्य होतं.

“माझ्या लक्षात आलं नाही,” मी म्हटलं.

“तुज्या कसं येनार. तू दार लावून बसलीस.” त्यांनी आता गोळा उचलला, पातेल्यात ठेवला. सुरी घेतली. “माज्या लक्षात आलं असतं. मला सांगितलं असतंस तर माज्या लगीच आलं असतं. मला काय, ताक हवं व्हतं, कुटल्या घरात हाय त्याचं काय करायचं व्हतं मला.”

“मला वाटलं, तुम्ही हसाल.”

आडवी कापली. मग सुरी तशीच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“म्या? पस्तीस वर्सं शुक्रवारी मांस खाल्लं न्हाई म्या. त्या शाळेत, समद्यांच्या समोर, ताट सारून बसायची. ईस्टरच्या आधी चाळीस दिस साखर सोडते. तू कवा हसलीस?”

“नाही.”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. उभी कापली. “मग मी का हसले असते गं?”

मी निखारे वर ठेवले. पाऊण तास आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. त्या माळ ओढत होत्या, त्यांची, लाकडी मण्यांची. मी माझी आणली नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, गेलेल्या पोरांची नावं काय व्हती. पहिला मुलगा होता, मी म्हटलं, त्याचं नाव ठेवायचं राहिलं. मुलीचं नाव चारू. त्यांनी माळेवर ते नाव दोनदा म्हटलं, चारू, चारू, आणि परत आपल्या ओठांच्या हालचालीत गेल्या.

भाकर निघाली. त्यांनी ती फडक्यावर उपडी केली, बुडावर बोटाने ठोकून पाहिली, आणि गरम असतानाच फुलीवरून चार तुकडे मोडले. एक तुकडा ताटलीत घालून माझ्यापुढे सरकवला. आणि मला जाणवलं की त्या माझ्याकडे बघत नाहीयेत, मुद्दाम बघत नाहीयेत, खिडकीकडे बघतायत, म्हणजे मी खाल्लं काय आणि न खाल्लं काय, त्यांना दिसू नये.

तोंडात जुनी वाक्यं तयार होती. नुकतीच जेवले. पोट बरं नाही. सरोजसाठी नेते.

“आज मंगळवार,” मी म्हटलं. “माझा अळणी असतो. यात मीठ आहे.”

नोराबाई वळल्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर मला सोसलं असतं.

“सांगितलंस की,” त्या म्हणाल्या. “किती येळ लागला?”

मग त्यांनी माझ्यापुढची ताटली उचलली, तो तुकडा परत बाकीच्या तीन तुकड्यांशेजारी ठेवला, चारही कडा जुळवल्या, फडकं वरून झाकलं, आणि चार वाजता येणाऱ्या माणसांसाठी कपबशा मांडायला लागल्या. मी उठून त्यांना पुसून देऊ लागले.